दोन बोटी, एक शेततळं

सावेडीहून सगळ्यात जवळचा समुद्र गाठायचा तर रस्त्याने अडीचशे किलोमीटर जावं लागतं. वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, तोही मनात आलं तर. नळाला पाणी एक दिवसाआड. ज्या दिवशी ते येतं त्या दिवशी पाइपलाइन रोडच्या आजूबाजूला घरटी एक माणूस पिंप, बादल्या आणि गच्चीवरची टाकी यांच्यामध्ये पळत असतो. आमच्या घरातला तो माणूस मी. अशा माणसाने दोन मोटरबोटींपैकी कोणती घ्यावी या विचारात अख्खा उन्हाळा काढला, तर लोक काय म्हणतील? लोक म्हणाले. तोंडावर म्हणाले. त्यातलं छापण्याजोगं तेवढं पुढे येईलच.

माझी बाजू इतिहासाने आधीच मांडून ठेवली आहे. भिस्तबागेच्या आसपास भाजी घेताना कुणाच्या लक्षात येत नाही, पण निजामशाहीत सावेडीच्या शिवारात हश्त बिहिश्त नावाची बाग होती. बागेत अष्टकोनी तलाव आणि तलावाच्या मधोमध महाल. नगरच्या दुसऱ्या अंगाला 1583 च्या सुमारास पुरा झालेला फराहबाग, तोही पाण्यात उभा. म्हणजे या गावातली बडी मंडळी संध्याकाळी नावेतून हवा खायला निघत असणार, असं मी धरून चाललो. हे सगळं मी जेवताना घरच्यांना ऐकवलं. बायकोने एकच विचारलं, "अहो, त्यांचं तळं आता कुठंय?"

तळं कोरडं आहे. इतिहासाचा तास मी तिथेच आवरता घेतला.

खूळ डोक्यात शिरलं ते तारकर्लीला. कर्ली नदीच्या खाडीत फिरवताना नावाड्याने क्षणभर सुकाणू माझ्या हाती दिलं. थोरल्याने फोटो काढला. त्यात माझ्या मनगटावर नावाड्याचाही घट्ट हात होता. तो मी कापला आणि उरलेला फोटो फोनवर लावला. नगरला परतलो तेव्हा मी जवळजवळ खलाशी होतो. फक्त बोट घ्यायची राहिली होती.

बघता बघता दोन स्थळं सांगून आली. पहिलं अलिबागकडचं. चौदा फुटी फायबरची बोट, पांढरी-निळी, 9.9 हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक इंजिन, बसायला आडव्या फळ्या आणि सोबत ट्रेलर. दुसरं पुण्याचं. साडेदहा फुटी रबरी बोट, म्हणजे हवा भरून फुगवायची, पीव्हीसीच्या कापडाची. तळाला लाकडी फळ्या, मागे अडीच हॉर्सपॉवरचं लहानसं इंजिन. सगळं मिळून दोन पिशव्यांत मावतं आणि गाडीच्या डिकीत जातं, असं विकणाऱ्याचं म्हणणं.

दोन्हींचे गुण मी रात्री जागून पाठ केले. फायबरच्या बोटीचा तळ खालून निमुळता, त्यामुळे ती लाट कापते. रबरीचा तळ सपाट, म्हणून ती लाटेवर आपटत जाते, पण उलटायला तेवढीच अवघड, कारण दोन्ही बाजूंना हवेच्या नळ्या. फायबर खडकावर घासली तर ओरखडा उठतो, रबरीला काटा लागला की संपलं. फायबरला ट्रेलर हवा, ट्रेलरला आरटीओ हवं, ओढायला दमाची गाडी हवी. आमची गाडी घाटातच काय, साध्या चढालाही धापा टाकते. रबरीला यातलं काही नको, पण हवा भरायला पायपंप मारावा लागतो आणि पाय माझेच होते.

घरात दोन पक्ष पडले. थोरला फायबरवाला, कारण वेग. धाकटी रबरीवाली, कारण रंग केशरी. बायको तटस्थ. तिने फक्त माहितीपत्रक मागून घेतलं आणि त्यातलं एकच वाक्य मोठ्याने वाचलं: वापरानंतर इंजिनातून दहा-पंधरा मिनिटं नळाचं गोडं पाणी वाहू द्यावं. हे मुख्यतः खाऱ्या पाण्यात चालवल्यावर करायचं असतं, असं मी तीनतीनदा सांगितलं. पण दहा-पंधरा मिनिटं नळ नुसता चालू, ही कल्पनाच आमच्या घरात इतकी अश्लील ठरली की पुढचं कुणी ऐकेना. आई देवघरातून म्हणाली, "अरे, पण चालवणार कुठल्या पाण्यात?" हा प्रश्न मी तांत्रिक नाही म्हणून बाजूला ठेवला.

बसायला जागा किती, हे कळल्याशिवाय निर्णय कसा घेणार? म्हणून एका रविवारी खाली पार्किंगमध्ये मी खडूने दोन्ही बोटी काढल्या. मापात काढल्या. साडेदहा फूट लांब, पाच फूट रुंद, त्यातून दोन्हीकडच्या नळ्यांची सव्वा-सव्वा फूट जाडी वजा. उरलेल्या अडीच फुटांच्या पट्ट्यात आम्ही पाच जण बसलो. आईला प्लास्टिकची खुर्ची दिली. तिचा एक पाय पाण्यात जात होता. डब्याची पिशवी, पाण्याचा जार आणि धाकटीची छत्री कुठे ठेवायची यावर चर्चा चालली असताना सोसायटीचे चेअरमन पेपर आणायला खाली उतरले. खडूच्या रेषेत गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं कुटुंब त्यांनी पाहिलं. जरा वेळ थांबले आणि म्हणाले, "काही शांती वगैरे आहे का?"

"बोट आहे," धाकटी म्हणाली.

"अच्छा," म्हणत ते रेषेबाहेरून वळसा घालून गेले. ही सभ्यता मी विसरणार नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं ते जिना चढताना म्हणाले. तेही मी ऐकलं.

मग वजनाचा प्रश्न निघाला. रबरी बोटीवरच्या पट्टीत लिहिलं होतं, इंजिन धरून साडेचारशे किलो. म्हणजे माणसं मोजायला हवीत. घरचा काटा माझ्यावर माया करतो, म्हणून बायकोने सगळ्यांना बाजारातल्या भुसार दुकानात नेलं. तिथे पोती मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा. आम्ही एकेक करून त्यावर चढलो आणि दुकानदार सवयीने आकडा ओरडून सांगू लागला, तिकडे पोऱ्या लिहून घेऊ लागला. गेली काही वर्षं मी सगळीकडे ब्याऐंशी सांगत आलोय. "एक्क्याण्णव पाचशे!" दुकानदार गरजला. रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. त्याने काट्यावर पुन्हा नजर टाकली आणि आपुलकीने विचारलं, "बारदान वजा करायचं का?"

बोटीची क्षमता पुरली. माझी संपली.

इंजिनाबद्दल मात्र माणसाने जाणकारालाच विचारावं. आमचा थोरला चुलतभाऊ राहुरी तालुक्यात शेती करतो. बोअर, विहीर, लाइट आणि मोटर यांतलं त्याला न कळणारं काही नाही. मी फोनवर दोन्ही इंजिनांची माहिती वाचून दाखवली. दादाने शांतपणे ऐकून घेतलं.

"अडीच एचपी? आरं, माझ्या विहिरीवर साडेसातची हाय. अडीचमध्ये काय होतंय?"

"दादा, ही पाणी उपसायची नाही. पाण्यावर पळायची."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "पाणी ठेवतील का तुला पळायला?"

दादाच्या या वाक्यात नगर जिल्ह्याचं सगळं जलसंपदा खातं मावतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण कागदावर आमच्याकडे पाणी भरपूर आहे. सावेडीहून तासाभरावर बारागाव नांदूरला मुळा धरण, 26 टीएमसीचं. आमच्या नळाला येतं ते पाणी तिथलंच. अकोले तालुक्यात 1926 सालचं भंडारदरा, 11 टीएमसी. शेवगाव-नेवाशाच्या बाजूला जायकवाडीचा नाथसागर, शंभर टीएमसीच्या वर. इथे सकाळी पेपर उघडल्यावर माणूस राशिभविष्याआधी धरणसाठा बघतो. दशलक्ष घनफुटाला दलघफू म्हणायला आमची पोरं बाराखडीबरोबर शिकतात. मग अडचण काय?

अडचण कॅलेंडरची. पोरांना सुट्टी मे महिन्यात. मेमध्ये उन्हाळी आवर्तन सुटून धरण तळाला गेलेलं असतं. पाऊलवाट संपते तिथून पाण्यापर्यंत भेगाळलेला गाळ आणि वेडी बाभूळ. फायबरच्या बोटीचा ट्रेलर त्या गाळात एकदा रुतला की पावसाळ्यातच निघायचा. आणि रबरी बोट डोक्यावर घेऊन त्या बाभळीतून जायचं म्हणजे पाण्याला पोचेपर्यंत ती बोट राहील, असं सांगता येत नाही. धरण भरतं ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा दरवाजे उघडलेले असतात, नदीकाठच्या गावांना इशारे दिलेले असतात आणि शहाणा माणूस पाण्याच्या जवळ जात नाही. राहिला ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा नाथसागरात साठा 65 टक्क्यांच्या आत असेल, तर समन्यायी वाटपाच्या नियमाने वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं. 2023 च्या ऑक्टोबरअखेर नगर-नाशिकच्या धरणांतून साडेआठ टीएमसीच्या वर पाणी सोडायचा आदेश निघाला. त्यात मुळाही होतं. मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. म्हणजे मी बोट सावेडीत घेणार आणि तिच्या खालचं पाणी मराठवाड्यात जाणार. त्याच्या मागोमाग नाथसागरावर जावं, तर तिथे पक्षी अभयारण्य. तिथल्या पक्ष्यांना माझ्यापेक्षा जास्त हक्क आहेत.

त्यात कायदा. 1917 चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा 2021 साली आला. इंजिन लावलेल्या बोटीला नोंदणी हवी, तपासणीचा दाखला हवा. धरणात उतरायचं तर जलसंपदा विभागाची परवानगी हवी. राज्यातलं नोंदणीचं काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. सावेडीतल्या माणसाने सागरी मंडळाला अर्ज लिहायचा, ही कल्पनाच मला इतकी आवडली की मी मायना लिहूनही ठेवला. पत्ता लिहिताना "पाणीटाकीजवळ" ही खूण द्यावी की नाही, यावर अडलो.

बायको मात्र एका गोष्टीवर ठाम होती. बोट कुठलीही घ्या, आधी लाइफ जॅकेटं. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान वादळाने बोट उलटून सहा जण गेले, ती बातमी तिने कापून ठेवली होती. इथे मी थट्टा केली नाही. पाच जॅकेटं मागवली, प्रत्येकाच्या वजनाला साजेशी. पन्नास न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला हात देतं. शंभर न्यूटनचं माणसाचं तोंड पाण्याच्या वर ठेवतं. मी शंभरची घेतली. एक्क्याण्णव पाचशेला सूट नव्हती.

आता बोट बघणं भाग होतं. पुण्याच्या गृहस्थाने अनामत घेऊन रबरी बोट चार दिवस वापरायला दिली. धरण नाही, परवानगी नाही, पण दादाचं शेततळं तर घरचं! तीस बाय तीस बाय तीन मीटरचं, काठोकाठ भरलं तर बावीस लाख लिटरचं. तळाला आणि चारी उतारांना प्लास्टिकचा काळा कागद. मेच्या सुरुवातीला ते निम्म्याच्या वर भरलेलं होतं. ते पाणी दादाने मृग बहाराच्या डाळिंबासाठी राखलेलं. बाग ताणावर होती, तिला जूनपर्यंत थेंब द्यायचा नव्हता.

दादाने अटी घातल्या. पोरंबाळं काठापासून लांब, तारेच्या कुंपणाबाहेर. बोटीत एकटा मी. जॅकेट घालून. शेततळ्याच्या कागदावर पाय ठरत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, म्हणून चारी कोपऱ्यांत गाठी मारलेले दोर आणि एक ट्यूब सोडलेली. गावातले पाच-सहा जण बघायला आले. म्हाताऱ्यांनी सावली धरली. थोरल्याने तळ्याची रुंदी विचारली, मनात हिशेब केला आणि म्हणाला, "बाबा, ताशी आठ किलोमीटरने गेलात तर बारा सेकंदांत तळं संपतं."

मी त्याला गणितातलं फार कळतं असं समजत नव्हतो.

पायपंपाने बोट फुगवताना मी निम्मा उतरलो. लाल दोरी मनगटाला अडकवली. ही दोरी ओढली गेली की इंजिन बंद पडतं. इंजिनाची दोरी ओढली, पुन्हा ओढली, मग दादाने चोक ओढायला सांगितलं आणि ते सुरू झालं. टाळ्या पडल्या. मी गिअर टाकला.

पुढचं सगळं बारा सेकंदांतलं आहे. एकट्या जड माणसाने मागे बसून बोट पळवली, की तिचं नाक वर उठतं. समोर मला फक्त आभाळ दिसत होतं, तेही निरभ्र. "डावीकडं घे, डावीकडं!" काठावरून गलका झाला. मी दांडा डावीकडे नेला. दांडा डावीकडे नेला की बोट उजवीकडे जाते, हे माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर चित्रासह दिलेलं आहे. मी रिव्हर्स शोधू लागलो. एवढ्या लहान इंजिनाला रिव्हर्स नसतो. अख्खं इंजिनच उलटं फिरवायचं असतं. ते पाचव्या पानावर. बोटीचं नाक उताराच्या कागदावर चढलं, मागची बाजू गर्रकन फिरली आणि पंखा कागदाला लागला.

फर्रर्र असा आवाज झाला. नवी कोरी पैठणी टोकापासून टोकापर्यंत फाडल्यासारखा. मी दचकून उठलो, मनगटाची लाल दोरी ताणली गेली आणि इंजिन बंद पडलं. पूर्ण दिवसात नियमानुसार काम करणारी ती एकच वस्तू. दादा काठावर उभा होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली आणि म्हणाला, "उतर. दोर धर. सावकाश."

पाण्याच्या पातळीखाली हातभर लांबीच्या दोन चिरा पडल्या होत्या. पाणी कागदामागे शिरलं की मागची माती खचते. म्हणून चिरेच्या खालपर्यंत तळं उपसणं आलं. आता उपसलेलं पाणी सोडायचं कुठे? डाळिंबाला सोडावं तर ताण मोडतो, अवेळी फुटवा येतो आणि बहार हातचा जातो. घासाला सोडलं, घास किती पिणार? शेवटी पाट फोडून पाणी बांधापलीकडच्या उसात घातलं. त्या शेजाऱ्याशी बांधावरून दादाचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. मे महिन्यात न मागता पाणी आलेलं पाहून तो चहा घेऊन आला. दोघं बांधावर बसून तासभर बोलले, विषय मीच होतो. भाऊबंदकी मिटवायला तलाठी, तंटामुक्ती समिती आणि पाहुणे हरले होते तिथे अडीच हॉर्सपॉवर पुरली, हे कुणीतरी माझ्या खात्यावर मांडायला हवं.

गरम हवेचं वेल्डिंग करणारा माणूस दुसऱ्या दिवशी आला आणि कागदाला ठिगळं जोडून गेला. त्याचे पैसे बोटीच्या फंडातून दिले. फंडाची पातळी मेमधल्या मुळा धरणाइतकी झाली.

रबरी बोटीला पाण्यात ओरखडाही उठला नाही. तिला झालं ते जमिनीवर. वाळायला टाकली, तिथे बाभळीचा काटा. राहुरीत टायरवाल्याकडे नेली. त्याने ती केशरी वस्तू चारी बाजूंनी पाहिली आणि विचारलं, "गरम पॅच मारू?" पीव्हीसीला गरम पॅच मारला तर भोकाच्या जागी खिडकी होते. तिला तिचंच वेगळं सोल्यूशन लागतं, ते पुण्यात. उरलेली अनामत तिकडे वळती झाली. अलिबागची फायबर तोवर विकली गेली होती. घेणाऱ्याकडे समुद्र होता, असं समजलं.

दिवाळीनंतर आम्ही भंडारदऱ्याला गेलो, भाड्याच्या बोटीत बसलो, आपापली जॅकेटं घालून. बोट फायबरची होती. आई मधल्या फळीवर बसली आणि तिचे दोन्ही पाय बोटीतच राहिले. चालवणाऱ्याने मला विचारलं, "साहेब, हातात घेता का?" पाच जण एकदम "नको" म्हणाले. पाचवा चालवणारा स्वतः होता. त्याने माझ्या घरच्यांची तोंडं पाहून शब्द मागे घेतला.

तरी निर्णय सांगायचा म्हणून सांगतो. धरणाच्या पाण्यात चार-पाच जणांचं कुटुंब घेऊन वरचेवर जायचं असेल, परवाना आणि ट्रेलरची सोय असेल, तर फायबर घ्या आणि इंजिन 9.9 च्या खाली नको. कधीतरीच जायचं असेल, घरात जागा नसेल, काठाला काटे नसतील, तर रबरी. आणि नगरकर असाल तर ऑक्टोबरअखेर ते जानेवारी या दिवसांत, वारं सुटण्याआधी सकाळी, भंडारदऱ्याला जाऊन भाड्याची बोट घ्या. शेततळ्यात कुठलीच बोट घालू नका.

लाइफ जॅकेटं आमच्याकडे पाच आहेत, तीन मोठ्यांची, दोन लहानांची. वापराविना पडून आहेत. सावेडीतल्या कुणाला सहलीला लागली तर हक्काने घेऊन जा. बकल नेतानाच तपासून घ्या आणि मोठ्यातल्या मोठ्या जॅकेटावर आकडा लिहिलाय, तो मात्र मोठ्याने वाचू नका.